चाळीस मीटर, पण कुठून मोजलेले?

मोठी त्सुनामी आली की बातम्यांत एक आकडा झळकतो आणि तोच लोकांच्या डोक्यात कायमचा बसतो. ११ मार्च २०११ च्या जपानच्या त्सुनामीचा असा आकडा म्हणजे ‘चाळीस मीटर’. तो ऐकला की डोळ्यांपुढे तेरा मजली इमारतीएवढी पाण्याची भिंत उभी राहते. समाजमाध्यमांवर फिरणारी बनावट चित्रं ती समजूत आणखी पक्की करतात. प्रत्यक्षात त्या दिवशी चाळीस मीटर उंचीची भिंत चालून आली नव्हती. जपानच्या ईशान्येकडच्या सानरिकू किनाऱ्यावरच्या अरुंद दरीत शिरलेलं पाणी उतारावर चढत चढत जिथवर पोचलं, त्या जागेची समुद्रपातळीपासूनची उंची साधारण चाळीस मीटर भरली.

याहून मोठा गोंधळ अलास्कातल्या लितुया खाडीच्या आकड्याचा. ९ जुलै १९५८ ला भूकंपाने तिथला एक कडा कोसळला, सुमारे तीन कोटी घनमीटर खडक खाडीत पडला आणि समोरच्या डोंगरावरची झाडं ५२४ मीटर उंचीपर्यंत सोलून निघाली. ‘जगातली सर्वांत उंच लाट, ५२४ मीटर’ असं आजही सर्रास लिहिलं जातं. ती लाटेची उंची नाही. उडालेलं पाणी समोरच्या उतारावर किती वर गेलं, त्याची ती खूण आहे.

त्सुनामीच्या ‘उंची’चे निदान तीन अर्थ होतात. जमिनीपासून पाणी किती वर आलं, ती पाण्याची खोली. तीच पातळी समुद्रपातळीपासून मोजली की ती पुराची उंची. आणि पाणी आत शिरत शिरत जिथे थांबलं, त्या शेवटच्या टोकाची समुद्रपातळीपासूनची उंची म्हणजे रन-अप, म्हणजेच चढाव. यांच्या जोडीला किनाऱ्यापासून त्या टोकापर्यंतचं आडवं अंतरही नोंदवतात. एकाच त्सुनामीत ही मापं एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात, ते २०११ मध्ये जपानच्या सेंदाईच्या सपाट मैदानात दिसलं. किनाऱ्याजवळ पाणी दहा मीटरच्या आसपास होतं, ते पाच किलोमीटर आत गेलं आणि जिथे थांबलं ती जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच होती. म्हणजे तिथे चढाव पुराच्या उंचीपेक्षा कमी. सानरिकूच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाड्यांत नेमकं उलट घडलं.

बंदरांत भरतीमापक यंत्रं असतात, मग नंतर किनाऱ्यावर फिरून मोजायची गरज काय? मोठ्या त्सुनामीत नेमकी ती यंत्रंच वाहून जातात. २०११ मध्ये जपानच्या सोमा बंदराची अधिकृत नोंद ‘९.३ मीटर किंवा अधिक’ आणि मियाको बंदराची ‘८.५ मीटर किंवा अधिक’ अशी आहे. ‘किंवा अधिक’ हे शब्द महत्त्वाचे, कारण शिखर नोंदवलं जाण्याआधीच नोंद तुटली. शिवाय वाऱ्याच्या लाटा गाळण्यासाठी बऱ्याच भरतीमापकांच्या विहिरीचं, म्हणजे ज्या उभ्या नळीत पातळी मोजतात तिचं, तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं. पाणी झपाट्याने चढलं तर विहिरीतली पातळी मागे पडते. दोन यंत्रांमध्ये पन्नास-शंभर किलोमीटर अंतर असू शकतं, आणि त्सुनामीची उंची मात्र एका खाडीतून शेजारच्या खाडीत गेलं की दुपटीने बदलते. म्हणून माणसांनी जाऊन मोजावं लागतं. २०११ नंतर जपानच्या संशोधकांनी मिळून सुमारे २,००० किलोमीटर किनाऱ्यावर पाच हजारांहून अधिक ठिकाणी मापं घेतली.

काम सुरू होतं ते पाण्याची खूण शोधण्यापासून, आणि इथे घाई करावीच लागते. एक जोराचा पाऊस किंवा घर धुऊन काढणारी माणसं, एवढ्याने खूण जाते. तरीही बचावकार्याच्या आड न येणं आणि घर गमावलेल्या माणसाची परवानगी घेऊनच आत पाऊल टाकणं, ही पहिली अट. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे घराच्या आतल्या भिंतीवरची गाळाची रेघ. रेघा बहुधा एकाहून जास्त असतात. सर्वांत गडद रेघ ही पाणी जास्त वेळ थांबलं त्या पातळीची असते, कमाल पातळीची असेलच असं नाही. तिच्या वर एखादी फिकट, बारीक रेघ आहे का, ते बॅटरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरून पाहायचं. ओलीची कड मोजायची नाही, कारण प्लास्टर पाणी शोषून वर ओढतं आणि ती कड गाळाच्या रेघेपेक्षा बरीच वर जाऊ शकते. छताखाली हवा कोंडली असेल तर उलटी चूक होते. आतलं पाणी बाहेरच्याइतकं चढत नाही आणि माप कमी येतं.

झाडांवरच्या खुणा फसव्या. प्रवाहात फांदी वाकते, तिच्यावर चिंध्या आणि गवत अडकतं, पाणी ओसरल्यावर फांदी पुन्हा उसळून वर येते आणि कचराही तिच्याबरोबर वर जातो. तेव्हा जाड खोडाजवळचा कचरा घ्यावा, शेंड्याकडचा नाही. खोडावरची सोललेली साल एवढंच सांगते की पाणी निदान इथवर होतं. खाऱ्या पाण्याने करपलेली पानं काही दिवसांनी स्पष्ट दिसून येतात, पण तुषारही पानं करपवतात.

माणसांना विचारताना ‘लाट केवढी होती?’ असं विचारू नये. भीतीत पाहिलेली लाट आठवणीत वाढते. ‘तुम्ही कुठे उभे होता, पाणी कुठे लागलं, त्या भिंतीवर हात ठेवून दाखवा’ असं विचारावं, आणि दोघांना वेगवेगळं विचारावं. पाण्याने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ सापडलं तर त्याची वेळ लिहून घ्यावी. तिचा उपयोग पुढे येईल.

आता या विषयातला सर्वांत सुंदर भाग. एकाच इमारतीच्या समुद्राकडच्या भिंतीवर खूण ५.९ मीटरवर आणि बाजूच्या भिंतीवर ४.६ मीटरवर सापडते. यातली खरी कोणती? दोन्ही खऱ्या, पण त्या वेगवेगळी गोष्ट सांगतात. वाहत्या पाण्यात गतिज ऊर्जा असते. भिंतीवर आपटून ते थांबलं की त्या ऊर्जेला जायला जागा एकच, वर. पाणी किती वर चढेल ते शाळेतल्या सूत्रावरूनच निघतं. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने, म्हणजे १९.६ ने भागायचं. सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर ही वाढ अर्धा मीटरही होत नाही. ५ मीटर वेगाला ती १.३ मीटर होते, ८ ला जवळजवळ ३.३ आणि १० ला ५.१. वेग दुप्पट झाला की ही वाढ चौपट होते.

म्हणून समुद्राकडच्या भिंतीवरची खूण ‘पुराची उंची’ म्हणून लिहिली तर ती फुगलेली असते. इमारतीच्या मागच्या बाजूला पाणी उलट खाली दबलेलं असतं, त्यामुळे तिथलं माप कमी येतं. पातळी हवी असेल तर प्रवाहाला समांतर असलेली बाजूची भिंत किंवा आतली खोली घ्यावी. पण पुढची खूण टाकूनही द्यायची नाही, कारण त्या दोन खुणांतल्या फरकातच वेग लपलेला आहे. वरच्या उदाहरणात फरक १.३ मीटर. त्याला १९.६ ने गुणून वर्गमूळ काढलं की सेकंदाला सुमारे ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. पाणी ओसरून आठवडा झाल्यावर, यंत्र नसताना, मातीच्या दोन रेघांवरून त्या क्षणीचा वेग हाती येतो! अर्थात हा अंदाज आहे. भिंत मधेच फुटली असेल, पुढच्या खुणेत नुसते शिंतोडे असतील, किंवा दोन्ही खुणा वेगवेगळ्या लाटांच्या असतील तर गणित कोसळतं. बाजूची खूण न मिळाल्यामुळे पुढची आणि मागची यांचा फरक घेतला, तर आलेला वेग ही वरची मर्यादा समजावी.

खूण ठरली की तिची उंची मोजायची. तिपाईवर ऑटो लेव्हल (नजर आडव्या समपातळीत ठेवणारी दुर्बीण) लावून आणि स्टाफ (मापाच्या खुणा असलेली उभी पट्टी) धरून, टप्प्याटप्प्याने खुणेपासून पाण्याच्या कडेपर्यंत यायचं, मग तसंच परत जायचं आणि जाता-येताच्या बेरजा जुळतात का ते पाहायचं. लेझर अंतरमापकाने काम झपाट्याने होतं, पण कोनातली चूक भोवते. २०० मीटर अंतरावर कोन एक दशांश अंशाने चुकला तर उंची ३५ सेंटिमीटरने चुकते. हातातल्या जीपीएसने जागा नोंदवावी, उंची कधीही नोंदवू नये, कारण ती कित्येक मीटरने हलते. अचूक प्रकारचा जीपीएस वापरला तरी तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नाही. या दोहोंतलं अंतर जपानच्या बऱ्याच भागात तीस-चाळीस मीटर आहे आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्र त्या लंबगोलाच्या सुमारे शंभर मीटर खाली आहे. ही दुरुस्ती विसरली तर सगळं मोजमाप वाया जातं.

पाण्याच्या कडेपर्यंत आलो, पण समुद्र स्थिर कुठे असतो? लाटांनी कड सतत हलते, म्हणून शांत धक्क्याजवळ काही मिनिटं वाचन घेऊन सरासरी काढायची आणि मिनिटासकट वेळ लिहायची. समजा सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी खूण पाण्यापासून ६.४० मीटर वर भरली. त्या वेळी भरतीमुळे समुद्र सरासरी पातळीच्या ०.३५ मीटर वर होता, म्हणून खूण सरासरी समुद्रपातळीपासून ६.७५ मीटरवर आहे. त्सुनामी आली तेव्हा मात्र ओहोटी होती, समुद्र सरासरीच्या ०.४२ मीटर खाली. म्हणजे त्सुनामीने पाणी प्रत्यक्षात ७.१७ मीटर उचललं. त्सुनामीत पहिलीच लाट सर्वांत मोठी असते असं नाही. खूण करणारी लाट दोन तासांनी आली असेल तर भरतीचा आकडाही बदलतो. ते बंद पडलेलं घड्याळ इथे कामी येतं. वेळ लिहिलेली नसेल तर मिलिमीटरपर्यंत केलेलं लेव्हलिंगही पाऊण मीटरने चुकलेलं निघू शकतं.

याहून छुपी अडचण जमिनीचीच. २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस केंद्र ५.३ मीटर सरकलं आणि १.२ मीटर खचलं. बेंचमार्कची, म्हणजे सर्वेक्षणासाठी उंची ठरवून ठेवलेल्या पक्क्या बिंदूची, भूकंपाआधीची उंची तशीच धरली तर तिथली प्रत्येक खूण १.२ मीटर जास्त उंच दिसेल. आजच्या समुद्रापासून मोजत आल्यास ही चूक टळते, कारण जमीन भूकंपाबरोबरच खचली, पाणी नंतर आलं. खूण उमटली ती खचलेल्या जमिनीवरच.

दर त्सुनामीनंतर ‘अमुक ग्रहयोगाने हे आधीच सांगितलं होतं’ असे संदेश फिरतात. त्या भाकितांत किनारा, वेळ आणि मीटर यांपैकी एकही गोष्ट नसते, त्यामुळे त्यांना स्टाफ लावून तपासताच येत नाही. जे चूक ठरूच शकत नाही, त्याला बरोबर म्हणण्यात अर्थ नाही.

मोजलेल्या प्रत्येक बिंदूला जपानी पद्धतीत भरवशाची श्रेणी देतात. खूण स्पष्ट आणि मोजमापाची चूक अगदी कमी, तर अ. खूण पुसट, पण लोकांच्या सांगण्यावरून आणि आसपासच्या परिस्थितीवरून पातळी खात्रीने ठरते, तर ब. वाळूच्या उतारावर पाणी वेडंवाकडं चढलेलं किंवा बिंदू किनाऱ्यापासून फार लांब, तर क. खूण वादळाच्या खुणांत मिसळलेली असेल तर ड. मग ही मापं संगणकावरच्या प्रारूपाने काढलेल्या उंचींशी ताडून पाहतात. प्रत्येक ठिकाणी मोजलेली उंची भागिले प्रारूपाची उंची असं गुणोत्तर काढायचं. सगळ्या गुणोत्तरांची भूमितीय सरासरी ०.९५ ते १.०५ मध्ये आणि त्यांचा पसारा १.४५ पटीच्या आत असेल, तर प्रारूप चांगलं मानतात. एखादा बिंदू फारच बाहेर पडला तर लगेच प्रारूपाला दोष द्यायचा नाही आणि बिंदू खोडायचाही नाही. आधी त्या दिवसाची वही उघडायची आणि तीन रकाने पाहायचे. खूण कुठल्या भिंतीवर होती, समुद्राची पातळी किती वाजता वाचली, आणि बेंचमार्कची उंची भूकंपाआधीची की नंतरची.