पाणी गळ्याशी येतं तेव्हा

ऐरोलीत गुरुवारी संध्याकाळी आमची घरप्रार्थना असते. गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून एक ताई आल्या. ओली छत्री हातातच होती. "आज प्रार्थना सुचत नाही, सगळं गळ्याशी आलंय," एवढंच म्हणाल्या आणि दाराशीच बसल्या. काकूंनी उघडलेलं बायबल मिटलं आणि आत जाऊन चहा टाकला.

गळ्याशी आलेलं हे पाणी फार जुनं आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 69वं स्तोत्र त्यानेच सुरू होतं, आणि पुढे पाय टेकत नाही असा चिखल येतो. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी भरवशाकडे वळतात. 88वं मात्र अंधारातच संपतं. ते संग्रहातून कुणी वगळलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. विश्वासात असून खचतोस कसा, असं आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही सहज विचारलं जातं. उपासनेत ही स्तोत्रं म्हणणाऱ्यांनी खचणं देवापुढे उघडपणे मांडलं होतं.

बायबलच्या जुन्या करारातला एलीया संदेष्टा तर रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर, बऱ्याच दिवसांच्या वाटचालीनंतर.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने खचण्याच्या या अवस्थेचं अगदी जवळून वर्णन केलं. दुपार सरत नाही, सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहायला बाहेर येतो, खोलीचा, कामाचा, सोबत्यांचा वीट येतो. (बेलापूरच्या एखाद्या ऑफिसात दुपारी तीन वाजता बसलेल्या कुणालाही हे सांगून कळेल.) त्यावर त्याने दिलेला उपाय मला सर्वांत जवळचा वाटतो: रडू आलं तर रडायचं, आणि जिवाचे जणू दोन भाग करून एकाने दुसऱ्याला धीर द्यायचा. त्यासाठी त्याने 42व्या स्तोत्रातली ओळ घेतली, जिथे स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास?

स्वतःच्या मनाला समोर बसवून बोलणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मनाचे श्लोक कित्येकांनी घरात शिकलेत. देवाशी भांडणंही संतांनी आपल्याला दिलंच आहे. म्हणूनच 1811 साली मराठी नवा करार बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला, तरी ही प्रार्थना आपल्या तोंडी खरी रुळवली ती कवी नारायण वामन टिळकांनी. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांचं ऋण मोकळेपणाने मानत, आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगातून हाक मारली. त्या बाप्तिस्म्यानंतरच्या ताटातुटीतली घालमेल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जराही झाकली नाही. स्वतः त्यांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

प्रार्थना आणि औषध यांचं वैर मात्र मला कधीच पटलं नाही. बायबलमधला प्रेषित पौल आपल्या पत्रात सोबती लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो. ठाण्यात मनोरुग्णालय 1901 पासून आहे, आणि 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर पाळकांना सांगावं आणि डॉक्टरांनाही.

त्या गुरुवारी ताईंनी चहात बुडवून तीन बिस्किटं खाल्ली. काकूंनी 42वं स्तोत्र हळू वाचलं, दोन वाक्यांची प्रार्थना केली. ताई फक्त 'आमेन' म्हणाल्या आणि छत्री कोपऱ्यात ठेवून आत येऊन बसल्या.