शतावरी (औषधी वनस्पती)

शतावरी ही काटेरी वेल, सह्याद्रीच्या जंगलात आपोआप येते आणि शोभेसाठी बागेत पण लावतात, पाला सुईसारखा बारीक, फुलं पांढरी वासाची, फळं पिकली की लाल. शास्त्रीय नाव ॲस्परॅगस रेसिमोसस. औषधाला लागतात ती मुळं, बोटाएवढी जाड, झुपक्याने येणारी. ती सोलून, मधली शीर काढून वाळवतात आणि मग चूर्ण, घृत नाहीतर कल्प बनतो.

आपल्याकडे बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प द्यायची पद्धत जुनी आहे, अळीव आणि डिंकाच्या लाडवांच्या जोडीला, दूध यावं म्हणून. आता खरंच येतं का? १९९६ साली छापलेल्या एका भारतीय चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांच्या प्रोलॅक्टिनमध्ये (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) फरक दिसला नाही, २०११ च्या ६० आयांवरच्या चाचणीत मात्र ते वाढलेलं दिसलं, म्हणजे चित्र स्पष्ट नाहीच. दूध वाढतं ते मुख्यतः बाळाने नीट पकडून वारंवार ओढल्याने, त्यामुळे दूध कमी वाटतंय म्हणून नुसता कल्पाचा डबा आणून दिला आणि बाळ कसं पितंय हे कोणी बघितलंच नाही तर त्या आईवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

मुळांत शतावरिन नावाची स्टिरॉइडल सॅपोनिन्स (वनस्पतीतली एक प्रकारची रसायनं) असतात, त्यांचा परिणाम थोडा इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखा होतो असं मानतात, म्हणून हल्ली पाळीच्या तक्रारी, पीसीओएस, मेनोपॉज सगळ्यावर कॅप्सूल मिळतात, पण यातला बराच अभ्यास उंदरांवरचा आहे, माणसांवरचा थोडा आणि छोटा.

या इस्ट्रोजेनसारख्या परिणामामुळेच स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात तर स्वतःहून अजिबात सुरू करू नये, कारण पारंपरिक वापर असला तरी उंदरांना अर्क दिल्यावर गर्भाला इजा झाल्याचं दिसलंय. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल, ॲस्परॅगसच्या भाजीची ॲलर्जी असेल, तरी सांभाळून. आणि बाजारातल्या बऱ्याच कल्पांत साखरच जास्त असते, डायबेटिस असलेल्या बाईने दिवसातून दोनदा चमचे भरून घेण्याआधी डब्यावरचं वाचावं. कॅप्सूलमधला अर्क आणि घरचं चूर्ण यांचा डोस एक नसतो, ग्रॅमला ग्रॅम लावून घेऊ नये.