विश्वामित्रीचा पूर: धरणाच्या आणि शहराच्याही आधीपासून

पावसाळा लागला की बडोद्याच्या मराठी घरांत दोन आकड्यांची चौकशी सुरू होते. आजवा धरणाची पातळी किती आणि काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीची किती. आजवा २१२ फुटांकडे सरकू लागला की तळमजल्यावरची गाद्या-पुस्तकं माळ्यावर जातात. नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा गाड्या पुलांवर नेऊन लावल्या जातात. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली आणि सयाजीगंज, फतेगंज, समा, अकोटा इथल्या सोसायट्यांमधून होड्या फिरल्या. दोन्ही वेळा लोकांनी खापर आजव्यावर फोडलं. ते सोयीचं आहे, कारण धरणाला दरवाजे असतात आणि दरवाज्यांचा जाब कुणाला तरी विचारता येतो. पण या नदीचा स्वभाव धरणाच्या कितीतरी आधी ठरला, आणि तो ठरवला इथल्या मातीनं.

विश्वामित्री पावागडावर उगम पावते. हा डोंगर ज्वालामुखीतून घडलेला, दख्खनच्या बेसाल्टच्याच कुळातला. तिथून खाली उतरली की खडक संपतो आणि ढाढर नदीला मिळेपर्यंत तिला गाळाच्या मैदानातूनच वाट काढावी लागते. बारीक वाळू, पोयटा, चिकणमाती, मध्येमध्ये चुनखडीचे खडे, असे थरावर थर. मही आणि इतर नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेला गाळ इथे साचत गेला, त्यात वाऱ्यानं आणलेल्या धुळीचीही भर पडली. मग उलटं चक्र सुरू झालं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. खंबातचं आखात तसंही उथळ, ते तेव्हा कोरडंच पडलेलं. समुद्र खाली गेल्यावर नद्यांना उतार मिळाला आणि आपणच साठवलेली माती त्या कापू लागल्या. पुढे जमीनही उचलली गेली, कापणं आणखी खोल गेलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी महीच्या काठच्या उभ्या कड्यांत हा इतिहास थर मोजत वाचला आहे. विश्वामित्रीची कोतरं त्याच प्रक्रियेतली, फक्त आकारानं लहान.

कोतर हा शब्द गुजरातीतला, पण बडोद्यात मराठी बोलतानाही दुसरा शब्द कुणी वापरत नाही. नदीच्या दोन्ही अंगांना शिरलेल्या या घळी. काठाची माती कोरडी असते तेव्हा भिंतीसारखी ताठ उभी राहते. एकदा भिजली की खालून विरघळते आणि वरचा ढलपा एकदम नदीत जातो. दरवर्षी थोडा काठ असा तुटतो आणि घळ मागे सरकते. बघणाऱ्याला ही निव्वळ पडीक, काटेरी झाडोऱ्याची जमीन वाटते. पुरात मात्र याच घळी पाणी आत घेतात, काही काळ अडवतात आणि नदी उतरल्यावर परत सोडतात. मैदानाला उतार जेमतेम, नदीला वळणं भरपूर, त्यामुळे पाणी घाईनं निघून जायची सोय मुळातच नाही. थांबायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे कोतरं.

जुन्या वस्तीचा अनुभवही याला धरूनच आहे. आजचं अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक, नदीच्या पश्चिम काठावरचं भरभराटीचं गाव. तिथे १९५१ च्या सुमारास जैन कांस्यमूर्तींचा जो साठा सापडला, त्यानं बडोदे कलेच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं. अंकोट्टकाचे लोक एका मोठ्या पुरानंतर पूर्वेकडे, वडांच्या राईतल्या वटपद्रकाला सरकले असावेत, असं मानलं जातं. हे वटपद्रक इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात दान दिलेलं गाव म्हणून येतं, म्हणजे तोवर ते खेडंच होतं. पुढच्या शतकांत कोटाच्या आतलं शहर त्याच बाजूला, नदीपासून जरा मागे वाढलं. गायकवाडांनी अठराव्या शतकात बडोदे घेतलं तेव्हाही ठाणं तिथेच राहिलं. पूर येणार हे गृहीत धरून मागे सरकणं, एवढंच नियोजन होतं ते, पण बरीच शतकं पुरलं.

तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात शहरानं नदीकडे तोंड केलं. १८७९ मध्ये कमाटीबाग थेट काठावर वसली. बागेत पूर शिरला तरी ओसरल्यावर हिरवळ पुन्हा उगवते, काठावर काय असावं याचं हे बरं उत्तर होतं. पिण्याच्या पाण्यासाठी विश्वामित्रीच्या पाणलोटात, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आजव्याचा मातीचा बांध झाला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहरात येऊ लागलं. म्हणजे आजवा बांधला तो तहान भागवायला. पूर अडवणं हे त्याचं मूळ कामच नाही. उन्हाळ्यासाठी तलाव भरलेला ठेवायचा आणि पुरासाठी रिकामा, या दोन मागण्या आपण आज एकाच तलावाकडे करतो आहोत.

खरा बदल झाला तो गेल्या काही दशकांत. शहर पश्चिमेला पसरलं आणि कोतरांना भाव आला. इमारतींचा राडारोडा, भंगार, मुरूम टाकून घळी सपाट झाल्या आणि त्यावर प्लॉट पडले. भूखी, रूपारेल, मसिया या कांसांचं, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांचं, तेच झालं: कुठे आवळल्या, कुठे झाकल्या. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नदी, तिची कोतरं आणि पूरमैदान जपण्याचे आदेश दिले, पण तोवर बरीच भर पडून गेलेली होती.

पूर ओसरल्यावर घरात जे उरतं, ते पाहिलं तरी ही माती समजते. फरशीवर बोटभर राखाडी-तपकिरी थर, साबणासारखा निसरडा. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरावर तो वायपरनं ढकलता येतो. दुसऱ्या दिवशी वाळून तडकतो आणि खरवडावा लागतो. दिवाणाच्या सांध्यांत, स्विचबोर्डात, पोथ्यांच्या पानांत शिरलेली ही पूड दिवाळीच्या सफाईतही निघत राहते. तिला नुसता चिखल म्हणवत नाही. हाच पोयटा शेतात पडला असता तर शेतकऱ्यानं आनंदानं ठेवून घेतला असता.

शिवाय या काठात आणखी कुणी राहतं. विश्वामित्रीत मगरी आहेत, ताज्या गणतीनुसार चारशेहून अधिक, आणि तेही भर शहरात. मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळा लागताना पिल्लं बाहेर येतात. कडक उन्हात आणि थंडीत ती काठात कोरलेल्या बिळांत आसरा घेते. तिला ताठ उभा, पण उकरता येईल असा मातीचाच काठ लागतो. दगड-सिमेंटची भिंत तिच्या काहीच कामाची नाही.

२०२४ च्या पुरानंतर, २०२५ चा पावसाळा लागण्याआधी, शहरातून जाणारी नदी खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम यंत्रांनी झालं. नेमके तेच महिने मगरीच्या विणीचे. पाण्याला वाट मोकळी करणं गरजेचं होतं, याबद्दल वाद नाही. पण झाडोरा काढलेला उघडा काठ पहिल्या जोरदार पावसात सुटतो आणि काढलेल्या गाळाच्या जागी नवा गाळ येऊन बसतो, म्हणून हे काम एकदा करून संपणारं नाही. शिवाय शहरातून पाणी लवकर पुढे काढलं तरी ते जाणार ढाढरमधून खंबातच्या आखातात, जिथे भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. खालचा तो सपाट पट्टा आणि त्याच्या काठची गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत.