रॅस वाळूत गेला, आता उकरू नका

खाऱ्या पाण्याच्या टाकीत यलो कोरिस रॅस सोडला की तो काचेलगत एखादी चक्कर मारतो, तोंड खाली घालतो आणि क्षणात वाळूत गडप होतो. दुसऱ्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग कोणीतरी चिमटा किंवा जाळी घेऊन वाळू उकरायला बसतं. धडधाकट आलेला मासा अशा उकरण्यानेच हातचा जाऊ शकतो. अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि जंतूंना सगळ्यात आधी अडवतो तो हाच थर.

हॅलिकोएरस क्रायसस हे याचं शास्त्रीय नाव. पश्चिम पॅसिफिकमधला, जेमतेम 12 सेंटिमीटरचा पिवळाधमक मासा. जॉन रँडल यांनी 1981 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. दिवसभर वाळूवरचे, खडकांवरचे बारीक जीव टिपायचे आणि रात्र वाळूत काढायची, हा त्याचा क्रम. लेपर्ड रॅसही तसाच. फेअरी रॅस मात्र खडकाच्या कपारीत स्वतःच्या चिकट स्रावाचा कोष करून झोपतो, त्याला वाळू नसली तरी चालतं. दुकानात दोघंही ‘रॅस’ म्हणूनच मिळतात, तेव्हा जात आधी विचारून घ्या.

वाळूत शिरण्याची वेळ फक्त दिव्यावर ठरत नाही. याच माशावरच्या प्रयोगात उजेड अखंड ठेवला तरी जागण्या-झोपण्याचं चक्र चालूच राहिलं. घड्याळ शरीरात असतं, उजेड ते जुळवून देतो. बालीहून मुंबईत आलेल्या माशाला अडीच तासांचाच फरक सोसावा लागतो, पण न्यू जर्सीतल्या मराठी घरात पोचलेल्या माशाच्या दिवसाची रात्र झालेली असते. शिवाय बंद खोक्यातला प्रवासभराचा अंधार आहेच. म्हणून पहिले काही दिवस, कधी आठवडाभरही, तो अवेळी वर येतो किंवा येतच नाही. दिवे टायमरवर टाका, रोज 10 ते 12 तास, आणि रात्री टॉर्च मारून शोधाशोध करू नका.

वाळूची तयारी मात्र मासा आणण्याआधी हवी. अर्धा ते दीड मिलिमीटर दाण्याची गोलसर अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, थर 5 ते 7 सेंटिमीटर. हा मासा डोक्याने सूर मारतो, त्यामुळे टोकदार प्रवाळचुऱ्यात त्याचं तोंड सोलवटतं, आणि जखमी तोंडाचा मासा खाणं सोडतो. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. रत्नागिरीकडच्या वाळूत इल्मेनाइटसारखे लोहयुक्त काळे कण असतात. असा एखादा कण काच घासायच्या चुंबकाखाली सापडला की काचेवर ओरखडा कायमचा. खडक आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा आणि वाळू नंतर भरा, म्हणजे खालून पोखरलं तरी रचना ढासळत नाही. पंपाचा झोत वाळूवर थेट नको.  

पाण्याच्या बाबतीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी मिसळत बसण्याची जुनी सवय लांबून आलेल्या माशाला महागात पडते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनिया साधारण दहापट होतो, तोही मासा त्याच पाण्यात असताना. म्हणून पिशवी बंद ठेवून 15 ते 20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, उघडल्यावर क्षारता मोजा आणि मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

अनेक दुकानांत क्षारता दाखवणारी पाण्याची सापेक्ष घनता 1.018 ते 1.020 ठेवतात, आपल्या टाकीत ती 1.025 असते. कमी क्षारतेकडे जाणं मासा सोसतो, अचानक वाढलेली क्षारता नाही. त्यामुळे क्वारंटाइन टाकीच (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) दुकानाच्या आकड्यावर लावायची आणि रोज 0.001 ते 0.002 ने वाढवत न्यायचं. किमान चार आठवडे त्याला तिथेच ठेवा, आणि वाळूचा डबा तिथेही द्या, नाहीतर रात्री तो उघड्या तळावर तोंड आपटत राहतो. प्लॅस्टिकच्या डब्यात 5 सेंटिमीटर वाळू पुरते. परजीवींवरचं तांब्याचं औषध चालू असेल तर ती धुतलेली सिलिका वाळूच हवी, कारण अ‍ॅरागोनाइट पाण्यातलं तांबं ओढून घेते आणि मात्रा कमी पडते.

मुख्य टाकीत सोडताना दिवे मालवा. आधीपासून सिक्स-लाइन रॅससारखा भांडखोर मासा असेल तर नव्याची धडगत नाही. अशा वेळी भोकांच्या पारदर्शक डब्यात, आत वाटीभर वाळू देऊन, त्याला दोन-तीन दिवस टाकीतच पण वेगळं ठेवा. टाकीवर 6 मिलिमीटरची जाळी हवी, दचकला की तो उडी मारतो. ‘वाळूत गेलेला’ मासा कित्येकदा कपाटामागे किंवा सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) सापडतो. तिथे आधी बघा.

तिथे नसेल तर रोज अमोनिया मोजा. आकडा शून्यावर असेल तर थांबा, दोन आठवडेसुद्धा. आकडा चढू लागला, किंवा मेलेलं खाणाऱ्या नासारियस गोगलगायी आणि ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) एकाच जागी गोळा झाले, तरच ती जागा हळूच तपासा. लहान मासा मोठ्या टाकीत मेला तर अमोनिया वाढलेला कळतोच असं नाही, त्यामुळे गोगलगायींवर जास्त भरवसा ठेवा.

वर आल्यावर पोट खपाटीला गेलेलं असतं. पहिल्या दिवशी बारीक चिरलेलं मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), थोडं-थोडं करून तीन वेळा द्या. पंप दहा मिनिटं बंद ठेवा, म्हणजे घास वाहून न जाता त्याच्यासमोर पडेल.