नाताळ, प्रसाद आणि हळद: सीमाभागातल्या ख्रिस्ती सणवादाची पार्श्वभूमी

नाताळ मूळचा मूर्तिपूजकांचा, म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्याने तो पाळू नये, हे म्हणणे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मंडळ्यांत अलीकडे मोबाईलवरच्या प्रवचनांतून घरोघर पोचले. त्याआधी इथे सणांवरून वाद नव्हते असे नाही, पण ते रोमच्या सूर्यदेवावरून होत नव्हते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्राला हार घातला, तर ख्रिस्ती फिटरने तिथे उभे राहावे का? शेजारच्या गणपतीचा मोदक मुलांना खाऊ द्यावा का? नवरीला हळद लावावी का? भांडण या गोष्टींचे होते, आणि ते फार जुने आहे.

रोमकडचा पुरावा लवकर सांगून होतो. ख्रिस्तजन्म 25 डिसेंबरला असल्याची सर्वांत जुनी नोंद इ.स. 354 च्या एका रोमी पंचांगात मिळते, आणि तिचा मजकूर 336 पर्यंत मागे जातो. त्याच पंचांगात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, जन्मदिवसही लिहिलेला आहे, आणि ऑरेलियन सम्राटाने सूर्याच्या मंदिराची स्थापना केली ती 274 मध्ये. एवढ्यावरून सण उचलला असे काही अभ्यासक म्हणतात. दुसरे म्हणतात, मरीयेच्या गर्भधारणेची तारीख 25 मार्च धरून पुढे नऊ महिने मोजले. वाद मिटवील असा पुरावा दोन्हींकडे नाही. नाताळचे झाड म्हणजे बायबलात यिर्मयाने निषेधलेले झाड, असेही सांगितले जाते. त्याबद्दल मात्र संशयाला फारशी जागा नाही. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात जे झाड तोडले जाते ते मूर्ती घडवण्यासाठी, आणि सोन्यारुप्याने मढवले जाते तेही मूर्ती म्हणूनच. नाताळचे सजवलेले झाड सोळाव्या शतकातल्या जर्मन मुलखातून आले. ईस्टर म्हणजे बाबेलची देवी इश्तार, हा दावा एका स्कॉटिश पाळकाने 1850 च्या दशकात पसरवला. भाषेचे अभ्यासक तो मान्य करत नाहीत, तरी आजच्या प्रवचनांत तो ठासून सांगितला जातो.

या भागाला रोमपेक्षा गोवा जवळचा आहे. खानापूर, नंदगड आणि बेळगाव कॅम्पमधल्या कितीतरी कॅथलिक घराण्यांचे पूर्वज गोव्यातून घाट चढून आले. त्यामागे दुष्काळ होते, कर होते, लढाया होत्या आणि पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाचा (इन्क्विझिशनचा) धाकही होता. त्या न्यायालयाने 1736 मध्ये काढलेला जाहीरनामा या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबायला हवे. त्यात मूर्तीपुढे हात जोडण्यापुरतीच बंदी नव्हती. हळद लावायची नाही. दारात तुळस ठेवायची नाही. एकादशी धरायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नात विडा-सुपारी वाटायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या मिठापर्यंत हात घालणारा हा हुकूम होता.

त्याची बाजू घेणारेही आहेत. ते म्हणतात, नव्याने आलेली माणसे जुन्या वाटेला परत जात होती आणि लग्नातली गाणी खरोखरच देवदेवतांची होती. यात काही तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण जाहीरनाम्याची कसोटी तपासली की हे समर्थन तोकडे पडते. हळद लावणारी आई ती कोणाला अर्पण करते, हे त्यात कुठेच विचारलेले नाही. हिंदू करतात एवढेच पुरावा म्हणून पुरे होते. बरे, तेव्हा दुसरी वाट ठाऊक नव्हती असेही नाही. 1606 मध्ये मदुराईत पोचलेल्या एका येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने ब्राह्मण ख्रिस्ती झाल्यावर जानवे, शेंडी आणि चंदन ठेवू दिले होते, आणि रोमने 1623 मध्ये ते मान्यही केले होते. ही ढील पुढे आवळत गेली, आणि 1744 च्या पोपच्या बंदीच्या आज्ञेने वाद बंद झाला. त्या बंदीच्या पालनाची शपथ मिशनऱ्यांना 1940 पर्यंत घ्यावी लागे. इतके होऊनही आज गोवेकर कॅथलिक लग्नांत रोस, म्हणजे नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याचा विधी आहे, ओव्याही आहेत. हुकूम देणारे न्यायालय 1812 मध्ये कायमचे बंद झाले.

प्रॉटेस्टंट बाजूची मुळे निराळी. लंडनच्या एका मिशनने बेळगावात 1820 मध्ये काम सुरू केले. त्या मिशनचे बहुतेक लोक ज्या प्युरिटन परंपरेतले होते, तिच्याच वाडवडिलांच्या काळात, 1647 मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ आणि ईस्टर रद्द केले होते. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सने 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. तो 1681 मध्ये उठला, पण तिथे नाताळची सार्वजनिक सुटी मिळायला 1856 उजाडले. मुंबईत 1813 मध्ये पहिले अमेरिकन मिशनरी आले तेव्हा त्यांच्या गावाकडच्या बहुतेक मंडळ्यांत 25 डिसेंबर हा कामाचा दिवस होता. त्यामुळे मराठी मुलखातल्या जुन्या मिशनांनी दोन संशय बरोबर आणले, एक कॅथलिक सणांचा आणि दुसरा हिंदू चालीरीतींचा. बेळगावचे काम 1904 मध्ये नाताळ पाळणाऱ्या मेथडिस्टांकडे गेले आणि पहिला संशय विरला. दुसरा उरला.

तो का उरला, हे जुन्या मंडळ्यांतल्या दलित घरांना विचारावे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल मुंबई इलाख्यात 1934 च्या कायद्याने आणि कर्नाटकात 1982 च्या कायद्याने गुन्हा ठरली. त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेल्या घरांनी जत्रा सोडली, भंडारा सोडला, देवीला सोडल्याची खूण म्हणून गळ्यात बांधतात ते मण्यांचे दर्शन सोडले. गावकीचा धाक त्या सणांतूनच यायचा. जत्रेला न जाणाऱ्या आजीला कर्मठ म्हणणारे या इतिहासाकडे पाहत नाहीत. तिच्यासाठी ‘नाही’ म्हणता येणे हीच कृपा होती. गडबड झाली ती नातवंडांच्या पिढीत. जिने मोकळे केले ती आठवण गळून पडली आणि हातात यादी तेवढी राहिली: रांगोळी नको, आकाशकंदील नको, टिकली नको.

बायबलातली प्रेषित पौलाची पत्रे सण पाळणारे आणि टाळणारे दोन्ही गट उघडतात. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल तो करिंथकरांना सांगतो की बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. रोमकरांना तो म्हणतो, एक जण एखादा दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, आणि दोघांनीही आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी. गलतीकरांना दिवस आणि महिने पाळण्यावरून तो झापतो, आणि नाताळविरोधक नेमके हेच वचन काढतात. पण तिथे पौलाचा राग आहे तो दिवस पाळल्याने देवापुढे नीतिमान ठरतो या शिकवणीवर. दिवस न पाळल्याने ठरतो, ही शिकवणही त्याच घरची आहे. सुमारे इ.स. 200 मध्ये कार्थेजचा एक लेखक तक्रार करतो की सणाला दिवे आणि तोरणे परधर्मीयांपेक्षा ख्रिस्त्यांच्याच दारांवर जास्त दिसतात. दिवाळीतल्या पणतीवरून आज जे बोलले जाते, ते इतके जुने आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिकांनी वाट बदलली. 1969 मध्ये भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टींना रोमची मान्यता मिळाली. त्यांत आरती आली, हात जोडून नमस्कार आला, जमिनीवर बसणे आले. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरला येशूसंघीयांनी भगवी वस्त्रे घालून मठाच्या रीतीने राहायला सुरुवात केली. जिथून 1736 ची यादी निघाली त्याच चर्चने हे केले. मराठी प्रॉटेस्टंट घरांत करंजी, चकली, शंकरपाळी नाताळच्या फराळात कधीच रुजली होती, आणि कॅम्पात 31 डिसेंबरच्या रात्री जळणाऱ्या ओल्ड मॅनच्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याभोवती सगळ्या धर्मांची पोरे जमतात.

मग 23 डिसेंबर 2021 आला. नाताळला दोन दिवस असताना बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला, आणि जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पण मधल्या काळात सणाचा प्रश्न घराबाहेर गेला. प्रसाद नाकारणारा कामगार आता देवापुढच्या निष्ठेबरोबर गावापुढच्या निष्ठेचाही जाब देतो, आणि प्रसाद घेणाऱ्याला मंडळीत भीतीने घेतला का, असे विचारले जाते. पौलाने ज्या विवेकाची बाजू घेतली त्याला दोन्हीकडून मोकळीक हवी आहे. मंडळ्यांनी छापील नियम करावेत की ज्याचे त्याच्यावर सोडावे, यावर पाळकांचे अजून एकमत झालेले नाही.