केसिंगला भोकं पाडायची, पण पाईप कमजोर होऊ द्यायचा नाही : या खटाटोपाची पार्श्वभूमी

बोअरच्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या भिंतीला आतून आधार द्यायला घातलेल्या पाईपला, दोन एकमेकांविरुद्ध कामं करावी लागतात. बाहेरची माती-वाळू अडवायची, स्वतःचं वजन पेलायचं, आणि त्याच पाईपातून पाणी मात्र बिनबोभाट आत येऊ द्यायचं. पाणी हवं तर भोकं पाडा, आणि भोक पाडलं की तेवढं लोखंड गेलं.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा आलाच नाही. चीनच्या सिच्वानमध्ये मिठाच्या पाण्यासाठी खोल विहिरी खणायचे, त्यातली झिगोंगची शेनहाय विहीर 1835 मध्ये 1001 मीटरपर्यंत गेली. पण तिथे केसिंग वरच्या कच्च्या भागापुरतं, खाली खडक आपला आपण उभा राहायचा आणि पाणी उघड्या भोकातून यायचं. खरी पंचाईत होते ती सैल वाळूत, कारण तिथे पाईप नसेल तर बोअरच बुजतो.

1860 च्या दशकात ठोकून घालायच्या ट्यूबवेल आल्या. 1868 च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेत ब्रिटिश सैन्याने त्या वापरल्या म्हणून त्यांना अ‍ॅबिसिनियन ट्यूबवेल असंच नाव पडलं. अरुंद लोखंडी नळी, टोकाला भाला, त्याच्या वरच्या थोड्याच भागात बारीक भोकं, आणि वरून वजन आपटत नळी जमिनीत घालायची. म्हणजे सगळ्यात जास्त मार बसतो तेव्हाच नळीला भोकं असतात, त्यामुळे ती लहान आणि मोजकीच ठेवावी लागायची.

कॅलिफोर्नियातल्या विहीरवाल्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी वाटते. ते पत्र्याचे आखूड तुकडे दोन थरांत, एकाचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर येईल असे बसवायचे, याला स्टोव्हपाईप केसिंग म्हणायचे, आणि हायड्रॉलिक जॅकने अख्खं, बिनभोकाचं केसिंग खाली दाबायचे. नंतर पाणी कुठल्या थरात आहे ते बघून आत चाकूसारखं अवजार सोडून तेवढ्याच ठिकाणी खाचा पाडायच्या. ठोकताना-दाबताना पाईप पूर्ण ताकदीचा, आणि भोकं फक्त लागतील तिथे. तोटा एवढाच की चाकू पत्रा फाडतो, खाच एकसारखी येत नाही आणि वाळू आत येते.

हे कारागीर अनुभवावर चालत होते, हिशोब दुसरीकडे हळूहळू जमत होता. 1858 मध्ये विल्यम फेअरबेर्न या इंजिनिअरने बॉयलरच्या नळ्या बाहेरून दाब देऊन चेपून बघितल्या, व्यास आणि लांबी वाढली की नळी लवकर चेपते हे त्याला दिसलं. 1898 मध्ये किर्श या जर्मन इंजिनिअरने गणिताने दाखवलं की ताणलेल्या मोठ्या पत्र्यात एक गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, मग भोक लहान असो की मोठं. 1913 मध्ये इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने लंबगोल भोकाचं गणित मांडलं, आणि इथे आपल्या कामाची गोष्ट आहे: भोक रुंदीच्या सहापट लांब असेल आणि ताण त्याला आडवा असेल तर टोकाशी ताण तेरापट होतो, पण तेच भोक ताणाच्या दिशेने ठेवलं तर बाजूच्या कडेला जेमतेम 1.33 पट. म्हणून गॅस कटरने पाडलेली खडबडीत, टोकदार कोपऱ्याची खाच वाईट आणि गोल टोकांची स्वच्छ खाच बरी. आता मजा अशी की उभ्या खाचा लटकणाऱ्या वजनाला चालतात, पण बाहेरचा दाब पाईपला घेराच्या दिशेने दाबतो, त्याला त्याच उभ्या खाचा आडव्या येतात आणि मधल्या पट्ट्या आत वाकायला लागतात. म्हणून आखूड खाचा, एकीच्या शेजारी दुसरी न येता वरखाली सरकवलेल्या.

भोकं कुठे पाडली यावर सगळं आहे. 219 मिमी व्यासाच्या पाईपचा घेर सुमारे 688 मिमी. एकाच रांगेत 12 मिमीची 12 भोकं पाडली तर 144 मिमी गेले, म्हणजे 21 टक्के, आणि पाईप पोस्टाच्या तिकिटासारखा त्याच ओळीवर तुटायची शक्यता. तीच 12 भोकं तीन रांगांत चार-चार, प्रत्येक रांग 30 अंश फिरवून, मध्ये पुरेसं अंतर ठेवून पाडली तर एका रांगेत फक्त 48 मिमी जातात, साधारण 7 टक्के. पाणी यायला जागा तेवढीच, नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर आलं. पीव्हीसी पाईपात आडव्या खाचा असतात त्याही अख्ख्या घेरभर नेत नाहीत, मध्ये उभ्या पट्ट्या सोडतात, त्याच वजन पेलतात.

1900 नंतर अमेरिकेत एडवर्ड जॉन्सनने वेगळाच मार्ग धरला, पाईपला भोकं न पाडता उभ्या सळ्यांवर तार गुंडाळली, तारेचा आकार असा की फट बाहेरून अरुंद आणि आत रुंद, म्हणजे कण आत शिरला तर अडकून बसत नाही. पाणी यायची जागा खूप वाढली, पण ताकद सळ्यांवर आणि तारेवर आली.

तेलवाल्यांना हे पुरेना, त्यांचं केसिंग सिमेंट करून बसवलेलं असतं. 1932 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेबेलोत लेन-वेल्स कंपनीने गोळ्या झाडून केसिंगला आतून भोकं पाडली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रणगाडाविरोधी शस्त्रांमधलं आकार दिलेल्या स्फोटकाचं तंत्र याच कामाला लागलं. कॅलिफोर्नियाच्या चाकूचाच विचार, आधी पाईप बसवा मग भोक. इथेही सगळ्या गोळ्या एका उभ्या रेषेत, दाट मारल्या तर केसिंग चिरतं, म्हणून 60 किंवा 90 अंशांनी फिरवत मारतात. आणि मागचं सिमेंट नीट बसलेलं असेल तर ते पाईपला बाहेरून धरून ठेवतं, पोकळी असेल तर तोच पाईप स्फोटाने फाटू शकतो.