उंच बूट आणि मुरगळणारा घोटा

"भाऊ, घोटा झाकीन असा बूट द्या, मंग पाय मुरगयत नाही." शाळेच्या संघातल्या पोराचा पाय दुसऱ्यांदा मुरगळला की तालुक्याच्या गावातल्या बुटांच्या दुकानात बापाची ही मागणी ठरलेली. दुकानदारही मग वरच्या फळीवरचा जाड तळाचा, घोट्याभोवती फुगीर कॉलरचा जोड काढतो. दोघांचंही म्हणणं वरवर पाहता रास्त वाटतं: जिथं लागतं तिथं आवरण घालावं. पण बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या घोट्यांवर गेल्या तीसेक वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांत बुटाची उंची ही बरीच दुय्यम बाब ठरली आहे. पैसे मोजायचेच तर ते बुटाच्या दुसऱ्याच भागांसाठी मोजावेत आणि थोडे बुटाबाहेर ठेवावेत, असं माझं मत आहे.

आधी घोटा मुरगळतो कसा ते पाहू. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, यांची खालची टोकं म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या घोट्याच्या दोन गाठी. त्यांच्या मधल्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलसची गंमत अशी, की ते पुढून रुंद आणि मागून निमुळतं आहे. पाऊल सपाट टेकलेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, उडी मारून घेऊन खाली येताना मात्र चवडा खाली झुकलेला असतो. तेव्हा निमुळता भाग खोबणीत येतो आणि सांधा ढिला पडतो. नेमकी त्याच वेळी पावलाची बाहेरची कड आधी टेकली, किंवा पाऊल दुसऱ्याच्या बुटावर पडलं, की तळवा आत वळतो. बाहेरच्या गाठीपासून तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, निघतात. त्यांतला पुढचा सगळ्यांत नाजूक, तोच आधी ताणतो किंवा फाटतो. गाठीच्या पुढं आणि खाली जी सूज चढते ती त्याचीच.

हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात उरकतं. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू पाऊल परत बाहेर ओढू शकतात, पण ताण ओळखून जागं व्हायलाच त्यांना साधारण ६० ते ९० मिलिसेकंद लागतात आणि जोर धरायला आणखी काही. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यामुळे घोटा वाचणार की नाही हे बरंचसं पाय टेकण्याच्या आधीच ठरतं: पाऊल कोणत्या कोनात खाली येतंय, स्नायू आधीपासून आवळलेले आहेत की नाहीत. बुटाकडून काय मागायचं ते या हिशेबानं मागायला हवं.

उंच बूट या खेळात आला तो कुठल्या वैद्यकीय शोधामुळे नव्हे. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला. कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार हा बूट १९१७ मध्ये बाजारात आला: कापडी, सपाट तळाचा, घोट्यावर येणारा. पुढं कित्येक दशकं बास्केटबॉलचा बूट म्हटलं की तोच आकार डोळ्यांपुढं यायचा. अमेरिकेतला नामांकित खेळाडू कोबी ब्रायंटनं २००८-०९ च्या मोसमासाठी फुटबॉलच्या बुटांसारखा घोटा उघडा ठेवणारा बूट मागून घेतला, तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला होता. आज व्यावसायिक खेळाडूंत आखूड बूट अगदी सर्रास दिसतात.

प्रयोगशाळेत उंच बुटाला थोडे गुण मिळतात. उभ्या माणसाच्या पायाखालची फळी अचानक कलंडवली तर उंच बुटात घोटा जरा कमी आणि जरा सावकाश वळतो. खऱ्या खेळात मात्र हा फायदा कुठं तरी विरून जातो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६२२ कॉलेज खेळाडूंना तीन प्रकारचे बूट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवड न करता वाटले होते: आखूड, उंच, आणि कॉलरमध्ये हवा भरता येईल असे उंच. एकंदर ३९,३०२ मिनिटांच्या खेळात १५ घोटे मुरगळले आणि तिन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. १५ हा आकडा लहान आहे, त्यामुळे एखादा बारीक फायदा त्यात दडलेला असू शकतो. पण बापाला वाटतं तसा 'मंग मुरगयतच नाही' इतका मोठा फायदा असता तर तो लपला नसता.

ऑस्ट्रेलियातली २००१ ची पाहणी मला जास्त कामाची वाटते. खेळाडू मैदानात उतरल्याच्या १०,३९३ वेळा नोंदून पाहिलं, की घोटा कुणाचा जातो. ज्याचा आधी मुरगळला होता, त्याला धोका जवळजवळ पाचपट. ज्यांच्या बुटाच्या टाचेत हवेची कुपी होती, त्यांना ४.३ पट. जवळपास निम्म्या दुखापती उडीनंतर खाली येताना झालेल्या. हवेच्या कुपीचा निष्कर्ष एकाच पाहणीतला आहे, त्यावरून तसल्या सगळ्या बुटांना दोषी धरता येणार नाही. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. टाच जितकी उंच आणि मऊ, तितकं पाऊल जमिनीपासून वर, आणि कलंडायला लागलं की कलंडवणारा जोर तितका जास्त. कापसानं वरपर्यंत रचलेली गाडी शेताच्या धुऱ्यावरून जाताना रिकाम्या गाडीआधी का उलटते, हे कुणाही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून दुकानात कॉलरकडे नंतर बघा, आधी बूट उलटा करा. तळ रुंद हवा, विशेषतः चवड्याच्या बाहेरच्या बाजूला. चांगल्या बास्केटबॉल बुटात तिथं रबराचा काठ पावलाच्या रेषेबाहेर थोडा निघालेला असतो. पाऊल बाहेरच्या कडेवर गेलं तर तो काठ टेकू देतो. धावण्याच्या बुटात तो नसतो, उलट तळ उंच आणि गुबगुबीत असतो. सरळ रेषेत धावायला ते ठीक, आडवं कापायला वाईट. गावाकडे मुलं एकाच जोडीवर शाळा, धावणं आणि बास्केटबॉल असं सगळं भागवतात. ज्याचा घोटा एकदा गेलाय त्यानं निदान ही काटकसर करू नये.

मग टाचेची मागची वाटी अंगठा आणि बोटात धरून दाबा. ती दबून आत गेली तर बूट ठेवून द्या. बूट दोन टोकांना धरून कपडा पिळतात तसा पिळून पाहा. मधोमध सहज पिळला जाऊ नये. वाकला पाहिजे तो चवड्याच्या सांध्याशी, तळव्याच्या मध्यावर नव्हे. काउंटरवर ठेवून मागून बघा, टाचेची शिवण उभी आहे की एका अंगाला झुकलीय. आमच्याकडच्या आठवडी बाजारात नामांकित कंपन्यांचे हुबेहूब नकली जोड मिळतात, त्यांतले बहुतेक या टाचेच्या परीक्षेतच उघडे पडतात.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. खेळताना जो मोजा घालणार तोच घालून, उभं राहून. सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, टाच मात्र जागची हलू नये. लहानपणी अनवाणी हिंडलेल्या पायांचा चवडा बहुधा पसरट असतो. अशा मुलांना लांबीनं बरोबर बूट रुंदीला चावतो, मग घरचे एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत खेळू लागते. पाऊलच बुटात सरकत असेल तर बुटाचा रुंद तळ कुणाच्या कामाचा? अशा वेळी रुंद साच्याचा दुसरा जोड शोधावा. मुलींच्या बाबतीत तर दुकानात त्यांच्या मापाचे खेळाचे बूटच नसतात आणि मुलांचे जोड गळ्यात पडतात. टाचेत ढिले पडतात का, हे तिथं आवर्जून बघायचं.

टाच आवळण्याची एक फुकटची युक्ती आहे. बुटाच्या सगळ्यांत वरच्या भोकाजवळ, जरा मागं, एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालायची, म्हणजे दोन्ही अंगांना एकेक छोटा फास तयार होतो. डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून ओवायची, खाली ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागं दाबून बसते. कित्येकदा 'घोटा हलतो' म्हणणाऱ्याची निम्मी तक्रार इथंच मिटते.

आता मैदानाचं बोलू, कारण ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले अभ्यास बहुतेक लाकडी फरशीवरचे आणि आपली पोरं खेळतात सिमेंटवर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आपल्या भागात आहे. पण खेड्यातल्या खेळाडूच्या वाट्याला येतो तो शाळेच्या आवारातला उघडा कोर्ट. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा या पट्ट्यात तो काळ्या जमिनीवर ओतलेला असतो. ही रेगडी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाभरणी उथळ असली की वरचं सिमेंटही तिच्यासोबत उचलतं आणि खचतं. दोन वर्षांत बास्केटसमोरच्या फ्री-थ्रोच्या रेषेजवळ बोटभर उंचीचा फरक पडलेला दिसतो. घोट्यासाठी तो उंचवटा दुसऱ्याच्या पावलाइतकाच घातक. असा फरक सिमेंटच्या मालानं उतार देऊन भरून काढणं हे कुठल्याही महागड्या बुटापेक्षा स्वस्त आणि अख्ख्या संघाच्या कामाचं आहे.

दुसरी अडचण धुळीची. लाकडी फरशीसाठीचा मऊ, पातळ नक्षीचा रबर तळ सिमेंटवर काही महिन्यांत गुळगुळीत होतो, आणि धूळ बसलेल्या कोर्टवर तो घसरतो. उघड्या मैदानाला कडक रबर आणि खोल, नागमोडी रेघांची नक्षी हवी. मात्र पकड फार असणंही घोट्याला परवडत नाही. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि अंग पुढं गेलं, तरी घोटा वळतोच. खेळाआधी कोर्ट झाडणं आणि बुटाचा तळ ओल्या फडक्यानं पुसणं, एवढ्यानं बरंच साधतं. आणि एप्रिल-मे मध्ये बूट टिनाच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नयेत. ४५ अंशांच्या उन्हात डिंक सुटतो, आणि तळ सुटतो तो नेमका उडी मारताना.

बुटाबाहेर ठेवायचे म्हटलेले पैसे लेसवाल्या ब्रेससाठी, म्हणजे घोट्याला बांधायच्या आधारपट्ट्यासाठी. मेडिकलमध्ये मिळतो तो लवचिक मोजा वेगळा. तो ऊब देतो, धीर देतो, पण पाऊल वळण्याला फारसा अडवत नाही. लेसनं आवळायचा, बाजूनं पट्ट्या असलेला ब्रेस अडवतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शाळांच्या १,४६० बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ब्रेस घालणाऱ्यांत खेळायला उतरल्याच्या दर हजार वेळांमागे ०.४७ घोटे दुखावले, न घालणाऱ्यांत १.४१. म्हणजे तिपटीचा फरक, आणि तो आधी मुरगळलेल्या आणि न मुरगळलेल्या अशा दोघांतही दिसला. दुखापत झालीच तर तिची तीव्रता मात्र ब्रेसनं कमी केली नाही. चिकटपट्टी बांधण्याची पद्धतही जुनी आणि चांगली, पण घामानं आणि हालचालीनं ती अर्ध्या तासाच्या आत बरीच सैल पडते आणि दर वेळी नवी लागते. रोजच्या सरावाला ब्रेसच परवडतो. बूट घ्यायला जाताना तो पायात चढवूनच जावं. उंच कॉलरच्या बुटात ब्रेस दाटतो, आखूड बुटात सुखानं बसतो.

बूट आणि ब्रेसनंतरची तिसरी गोष्ट पूर्ण फुकट. आधी मुरगळलेल्या घोट्याला पाचपट धोका का, याचं एक कारण असं, की अस्थिबंधात ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात आणि फाटताना तीही दुखावतात. सूज उतरते, वेदना जाते, पण पाऊल हवेत नेमकं कुठं आहे याची खबर मेंदूला ढोबळच मिळत राहते. ही खबर सुधारता येते. एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग दुमडलेल्या पोत्यावर, मग चेंडू झेलत. शाळकरी फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंच्या २००६ च्या एका अभ्यासात अशा तोल सावरण्याच्या सरावानं मुरगळण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेतला नामांकित खेळाडू स्टीफन करी याच्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा शस्त्रक्रिया झाली होती; त्यानंतर त्याच्या सरावात कंबर आणि मांड्यांची ताकद वाढवण्यावर भर दिला गेला, कारण पाऊल कुठं पडणार ते बरंचसं वरून ठरतं.

नुकताच मुरगळलेला पाय मात्र वेगळा. आपल्याकडे लगेच तेल लावून चोळून घ्यायला नेतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात चोळल्यानं आतला रक्तस्राव वाढतो. तेव्हा बर्फ, पट्टी आणि पाय उंचावर, एवढंच. हळदीचा लेप लावायचा तर लावा, फक्त रगडू नका. एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ मध्ये तयार झालेली कसोटी जगभर वापरतात. घोट्याच्या एखाद्या गाठीच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटानं दाबल्यावर हाडच दुखत असेल, किंवा लागल्या क्षणी आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड टोचतं तिथं, किंवा आतल्या अंगाला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखलं, तरीही. वाढीच्या वयातल्या मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधाआधीही दुखावू शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत थोडी जास्तच शंका घ्यावी.

कोर्टवर परत कधी, याला तारीख लावता येत नाही. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकाच वेळ डोळे मिटून उभं राहता येतं का, एका पायावर पुढं आणि आडव्या उड्या मारता येतात का, आठच्या आकड्यात पळताना पाय राखून टाकावा लागत नाही ना, हे बघायचं. जमत नसेल तर तोवर ब्रेस चढवून एका जागी उभं राहून फ्री-थ्रो टाकत राहायचे.